तडसासुराचा डावा गाल

छापखान्यात आयुष्य काढलेला माणूस ओळखायचा असेल तर त्याच्या हातात पेपर उलटा द्या. तो सरळ करायच्या भानगडीत पडणार नाही, तसाच वाचायला लागेल. माझी बायको म्हणते, "तुमचं डोकंच उलटं." मी वाद घालत नाही. पस्तीस वर्षं मी जे जे केलं ते आधी उलटं केलं, म्हणून लोकांना ते सुलटं वाचता आलं. एकदाच मी एक काम मुद्दाम सुलटं केलं. हुशारी करायला गेलो आणि एका भल्या माणसाची नोकरी पणाला लागली. त्याचीच ही हकिगत.

आमचा छापखाना मालेगावला, वाशीमच्या रस्त्यावर, एस.टी. स्टँडपासून हाकेच्या अंतरावर. तेव्हा आम्ही अकोला जिल्ह्यात होतो. मालक बापूजी. मी आधी जुळारी, म्हणजे शिशाचे खिळे एकेक उचलून ओळी जुळवणारा, आणि पुढे चित्रं कोरणारा. लग्नपत्रिका, तेराव्याची कार्डं, शाळेचे पेपर, फवारणीच्या औषधांची हँडबिलं, असं आमचं साहित्य. एकदा एका गृहस्थांनी मुलाच्या लग्नाची आणि वडिलांच्या तेराव्याची ऑर्डर एकाच दिवशी दिली. तेराव्याच्या कार्डावर खाली "आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं" हे वाक्य गेलं. गृहस्थ भले, म्हणाले, "जाऊ द्या, बुढा तसाबी हौशी होता."

चित्राचा ठसा करायचा तर नागपूरला पाठवावा लागे. बापूजींना ते परवडत नसे, म्हणून आम्ही लिनो कोरायचो. फरशीवर अंथरतात ते जाड लिनो सागाच्या फळीवर चिकटवायचं, उन्हात ठेवायचं आणि छत्रीच्या काडीला धार लावून केलेल्या हत्याराने कोरायचं. आमच्याकडचं ऊन असं, की दोन मिनिटांत लिनो लोण्यासारखं कापलं जाई. कोराल ते पांढरं राहतं, सोडाल ते काळं छापलं जातं. आणि महत्त्वाचं म्हणजे, ठशावर डावीकडे असलेलं कागदावर उजवीकडे उमटतं. म्हणून चित्र पातळ कागदावर काढून, तो कागद लिनोवर पालथा घालून, रेषा घासून उतरवायच्या. पालथा घालायला विसरलात की चित्र आरशात पाहिल्यासारखं छापलं जातं. राजा डाव्या हाताने आशीर्वाद देतो.

चित्रकथा काढायची कल्पना बापूजींची. पत्रिकांच्या कागदाची कात्रणं खूप उरत. त्यांची सोळा पानांची पुस्तकं करायची, वर माझं चित्र, खाली दोन ओळी मजकूर, आणि मंगरूळपीरचा उरूस, रिसोडचा बाजार असं जिथे माणूस जमेल तिथे विकायची. नायक शूर रणजित. त्यासाठी मी रिसोडचा बाबू पहेलवान समोर बसवला होता. माझी पद्धतच ती. मला मनातून माणूस काढता येत नाही, गावातला धरून आणावा लागतो. प्रधानजी म्हणजे आमच्या स्टँडवरचे चहावाले, राजगुरू म्हणजे तहसीलमधले एक पट्टेवाले. लोक स्वतःला पुस्तकात बघून खूश होत, दोन-दोन प्रती नेत.

तिसऱ्या पुस्तकाला राक्षस हवा होता. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती, आणि जिकडे तिकडे हायब्रीडचा बोलबाला. हायब्रीड ज्वारी, हायब्रीड कापूस, लुकड्या पोराला हायब्रीड म्हणून चिडवत. बापूजी म्हणाले, "राक्षसबी हायब्रीड पायजे. अर्धा मानूस, अर्धा तडस." आमच्याकडे तरसाला तडस म्हणतात. मी कथा रचली. फवारणीचं औषध ज्या विहिरीत सांडलं तिचं पाणी एक माणूस पितो, त्याच रात्री त्याला तडस चावतं, आणि दोन्ही विषं मिळून त्याचा तडसासूर होतो. दात बाहेर, ओठ वर ओढलेला, कायम हसतोय असं तोंड.

हे तोंड माझ्या मनातलं नव्हतं. ते किसनदादाचं होतं.

सहामाही परीक्षेचे पेपर द्यायला मी गावातल्या एका शाळेत गेलो होतो. तिथे किसनदादा त्या जूनपासून तात्पुरता शिपाई लागला होता. घंटा द्यायची, पोरांना पाणी पाजायचं, वर्ग झाडायचे. वर्षभर नीट काम केलं तर पुढच्या जूनला कायम करू, असा हेडमास्तरांनी शब्द दिला होता. पस्तिशीचा माणूस, आयुष्यभर दुसऱ्याच्या वावरात राबलेला. महिन्याच्या महिन्याला पगार ही गोष्ट त्याच्या घराण्यात पहिल्यांदा येत होती. त्याचा डावा गाल लहानपणी जनावराने फाडलेला होता. जखम भरताना वरचा ओठ ओढला गेला आणि तीन दात कायमचे उघडे राहिले. मी त्याला "जयभीम दादा" म्हटलं, त्याने "जयभीम" म्हणत गठ्ठा घेतला, आणि माझ्यातल्या चित्रकाराने तेवढ्या वेळात तो गाल चोरला.

विचारलं नाही. इतरांना विचारत होतो, त्याला नाही. विचारलं तर नाही म्हणेल, हे मला कळत होतं, म्हणूनच विचारलं नाही. वर अक्कल चालवली. म्हटलं, कागद पालथा घालायचाच नाही, चेहरा आहे तसा सरळ कोरायचा. मग छापात जखम उजव्या गालावर येईल. किसनदादाची डाव्यावर. कोण ओळखणार?

पोरांनी अर्ध्या दिवसात ओळखलं. जखम कोणत्या गालावर, हे मोठी माणसं बघतात. पोरं तोंड बघतात.

पुस्तक धडाक्यात खपलं. बापूजींनी पेढे वाटले. मी रिसोडच्या बाजारात पोरांना दात काढून तडसासुराची नक्कल करताना पाहिलं आणि छाती फुगवून घरी आलो. दहा-बारा दिवसांनी, भर दुपारी, किसनदादा छापखान्यात आला. तोंडाला उपरणं गुंडाळलेलं. त्याने पुस्तक माझ्यासमोरच्या, जुळलेली पानं ठेवायच्या दगडावर ठेवलं, तडसासुराचं पान उघडलं आणि उपरणं सोडलं.

"हे तोंड तुले कुठं गावलं?"

मी निर्लज्जपणे म्हणालो, "दादा, हे तुमचं नाही. तुमची जखम डावीकडे आहे. ही उजवीकडे."

"तेच तर पुसून राह्यलो." त्याने पानावर बोट ठेवलं. "लोकाइले माहा गाल असा दिसत नाई. त्याइले उलटा दिसते. असा फक्त मले दिसते, आरशात. सकाळी दाढी करतानी. तू माह्या आरशात कसा घुसला गड्या?"

त्याने शिव्या दिल्या असत्या तर मी निभावून नेलं असतं. मग त्याने सांगितलं. पोरं घंटेच्या वेळी "तडसासूर, तडसासूर" ओरडतात. पहिलीची दोन लेकरं त्याला बघून रडली. हेडमास्तरांनी सांगितलं, काही दिवस घरी राहा, पुढचं बघू.

"बघू म्हंजे काय, ते मले समजते," तो म्हणाला. "जूनमंदी दुसरा मानूस घेतीन."

दुसऱ्या दिवशी मी आणि बापूजी शाळेत गेलो. मी चूक कबूल केली. हेडमास्तर वाईट माणूस नव्हते, घाबरट होते. म्हणाले, "माझं काही नाही हो. पण पालक येतात. पोरं त्याच्या हातचं पाणी पीत नाहीत."

हे वाक्य आमच्या घरात फार जुनं. माझे वडील छप्पन साली नागपूरला जाऊन आले ते हे वाक्य मागे टाकण्यासाठी. आणि वीस वर्षांनी मीच, माझ्या हाताने, त्याला नवं निमित्त कोरून दिलं होतं. माझं डोकं सटकलं, मी काहीतरी बोलणार होतो. बापूजींनी दंड धरून मला बाहेर आणलं.

"भांडून तो कायम होत नाई," ते म्हणाले. "तुले येते ते कर."

मला काय येत होतं? कोरणं. त्या संध्याकाळी किसनदादाच्या घरी गेलो. उरलेल्या प्रती जाळतो म्हणालो.

"जाळून काय होते? पोट्ट्याइच्या डोक्यात गेलं ते जळते काय?" वहिनींनी चहा आणून ठेवला होता, माझ्याकडे न बघता. किसनदादा कप माझ्याकडे सरकवत म्हणाला, "तडसानं काय केलं ते तू लिवलं. काहून केलं ते कोनाले पुसलं काय?"

मग त्याने आपल्या गालाची गोष्ट सांगितली. बारा-तेरा वर्षांचा असताना गावची पोरं नाल्याच्या कपारीत तडसाची पिल्लं आहेत म्हणून कपारीच्या तोंडाशी धूर करत होती. याला राहवलं नाही. दोन पिल्लं होती, कुईकुई करत होती. हा पोटावर सरपटत आत गेला आणि एक बाहेर काढलं. दुसरं काढायला पुन्हा तोंड घातलं तेव्हा मागून आई आली.

"तिची काय चूक? तिनं काय पाह्यलं? धूर, अन् तिच्या लेकराले हात लावनारा मी. तिच्या हिशोबानं राक्षस मीच होतो ना."

"पिल्लं?"

"घेऊन गेली दोनी. हे मातर बरं झालं."

मी म्हटलं, दादा, हे पुस्तक करू. पूर्ण सोळा पानं तडसासुराची. त्याला काय वाटतं, तेवढंच. यावेळी मात्र विचारतो आहे, तुम्ही हो म्हणाल तर.

तो वहिनींकडे बघू लागला. वहिनी पहिल्यांदा माझ्याशी बोलल्या. "करा. पन त्याच्या मनात काय हाय ते तुमी ठरवू नका. ह्याइले पुसा."

पुढचे तीन आठवडे किसनदादा रोज दुपारी छापखान्यात येऊन बसे. नाहीतरी घरीच होता. मी कोरायचो, तो बोलायचा. तडसासूर पाणी पिताना डोळे का मिटतो, तर पाण्यात तोंड दिसतं म्हणून. रस्त्याच्या डाव्या कडेनेच का चालतो, तर लोकांना चांगला गाल दिसावा म्हणून. लग्नाच्या पंगतीत शेवटच्या पानावर का बसतो. हसू आलं की तोंडावर हात का धरतो. मी राक्षसाच्या नावाने विचारायचो आणि तो राक्षसाच्या नावाने सांगायचा, आणि आम्ही दोघांनीही ते नाटक शेवटपर्यंत पाळलं. एकदा लिनोवरून हत्यार घसरून माझ्या अंगठ्यात गेलं. तो म्हणाला, "बरं झालं, तुलेबी एक वन आला." तो व्रण अजून आहे.

मध्येच बाबू पहेलवान आला. नव्या पुस्तकाची पानं चाळून म्हणाला, "मी कुठं हाय बे?"

"पान अकरा."

त्याने पान अकरा काढलं. "तिथंबी पाठमोरा!" तो इतका रागावला की बापूजींना पेढे मागवावे लागले.

शेवटचं पान अडलं होतं. तडसासूर मरतो, असं बापूजींचं मत. चांगला माणूस होतो, जखम भरून येते, असं माझं. किसनदादाला दोन्ही पटेना. म्हणाला, "जखम कुठून भरते? मी बसलो ना तुह्याम्होरं."

मग छपाईच्या ट्रेडल मशीनच्या खडखडाटातच बोलायला लागला. त्याची पोरगी, आता तिचं लग्न होऊन ती सासरी होती, ती तीन वर्षांची असताना शेजारणीने तिला विचारलं, "बापाची भीती नाई वाटत काय वं तुले?" पोरगी म्हणाली, "कायले? बाबा तं हासून राह्यले."

तिला ते खरंच हसू वाटत होतं. बाप जन्मापासून तिच्याकडे बघून हसतच होता.

हे ऐकून मी उठून बाहेर गेलो. नळावर तोंड धुतलं, तोंड मळलेलं नव्हतं तरी.

शेवटचं पान असं केलं. वाट चुकलेली एक लहान पोर तडसासुरासमोर उभी आहे. तो विचारतो, भीती नाही वाटत? ती म्हणते, "तुमी तं हासून राह्यले." बस. पुढे काही नाही. पंधरा पानं मी तडसासूर पहिल्यासारखाच, सरळ कोरला होता, म्हणून छापात त्याची जखम उजव्या गालावर होती, किसनदादाला आरशात दिसते तशी. शेवटच्या पानाला मात्र पातळ कागद घेतला, लिनोवर पालथा घातला आणि रेषा घासून उतरवल्या. जखम तिच्या खऱ्या जागी, डाव्या गालावर आली. का केलं, हे मी कोणाला सांगितलं नाही. बापूजींच्या लक्षात आलं असतं तर चूक समजून पान रद्द केलं असतं.

पुस्तक निघालं आणि पडून राहिलं. मारामारी नाही, कोण घेणार? मंगरूळपीरहून गठ्ठा न सुटता परत आला. बापूजी चहा एकट्यानेच पिऊ लागले. शाळेतल्या शिक्षिका इंदूबाईंना मी दहा प्रती नेऊन दिल्या होत्या. त्यांनी एका शनिवारी चौथीच्या वर्गात पुस्तक वाचून दाखवलं, एवढंच कानावर आलं.

एप्रिलमध्ये वार्षिक परीक्षा आली. इकडे हेडमास्तरांची पंचाईत झाली होती. किसनदादा नसल्यापासून घंटा कोणीही, केव्हाही देत होतं. एकदा गणिताचा पेपर सुटायची घंटा पाऊण तास आधी झाली म्हणतात, आणि पोरं त्या घंटावाल्याला अजून दुवा देतात. तेव्हा परीक्षेपुरतं किसनदादाला बोलावणं आलं. तो गेला, पण उपरणं गुंडाळून.

पेपरांचा गठ्ठा घेऊन मी पहिल्याच दिवशी पोचलो. मधली सुट्टी होती. किसनदादा पाण्याच्या टाकीजवळ हातात ओगराळं घेऊन उभा होता आणि त्याच्यापासून पाच-सहा हातांवर पोरांचा घोळका. कोणी पुढे येत नव्हतं. मग घोळक्यातून चौथीतली एक पोरगी पुढे झाली. तिच्या हातात आमचं पुस्तक होतं, पार चोळामोळा झालेलं.

"शिपाईमामा, ते उपरनं काढा ना. मले एक पाहाचं हाय."

किसनदादाने माझ्याकडे बघितलं. त्याने हळूहळू उपरणं सोडलं.

पोरगी पुस्तकाचं शेवटचं पान त्याच्या तोंडाजवळ धरून एकदा इकडे, एकदा तिकडे बघायला लागली. मग मागे वळून सगळ्यांना म्हणाली, "पाहा, मी म्हनलं होतं ना! बाकीच्या पानाइवर जखम तिकून हाय. या एकाच पानावर बराबर हाय. कारन बाकीच्या पानावर तो आपला आपल्याले पाह्यते, अन् इथं ती पोरगी त्याले पाहून राह्यली."

बापूजींना कळलं नव्हतं. मी कोणाला सांगितलं नव्हतं. वेण्यांना लाल रिबिनी बांधलेल्या त्या पोरीने ते एकटीने शोधून काढलं होतं.

"मंग, भेव वाटते काय?" किसनदादाने विचारलं.

"आता नाई वाटत. पानी द्या."

त्याने पाणी ओतलं. ओंजळीत कमी आणि तिच्या झग्यावर जास्त पडलं. ती प्याली. मग बाकीची पोरं आली, ढकलाढकली करत, आणि टाकीपाशी नेहमीसारखा गोंधळ सुरू झाला. पेपरांचा गठ्ठा माझ्या काखेतच राहिला. हेडमास्तर खिडकीतून ओरडले तेव्हा आठवला.

सगळं गोड झालं, असं लिहिलं तर ते खोटं होईल. त्या जूनला किसनदादा कायम झाला नाही, आणखी एक वर्ष तात्पुरता राहिला. त्यानंतरच्या जूनला झाला. दोन घरांनी आपल्या पोरांना घरून पाण्याचा डबा द्यायला सुरुवात केली ती शेवटपर्यंत चालू ठेवली. त्यांना जखमेचं भय नव्हतं, दुसरंच काहीतरी होतं, आणि त्यावर माझ्याकडे लिनो नव्हतं. पण उपरणं मात्र त्याने त्या दिवशी सोडलं ते सोडलंच. पुढे ते घंटा पुसायच्या कामी आलं. पुस्तकही हळूहळू संपलं, कसं ते बापूजींनाही कळलं नाही. बाबू पहेलवान रिसोडला स्वतःच विकत होता, "यात मी पाठमोरा हाय, वळखा" म्हणून.

छापखाना बंद झाला, खिळे वितळवायला गेले. लिनोचे ठसे उधईने खाल्ले. विचारल्याशिवाय एखाद्याचा चेहरा घ्यायचा नाही, हा नियम मी नंतर पाळला. पण तो शिकण्याची फी दुसऱ्याने भरली, हे मनातून जात नाही.

किसनदादा निवृत्त झाला त्या वर्षी मी त्याच्या घरी गेलो होतो. सकाळची वेळ. तो ओसरीच्या खांबाला लटकवलेल्या आरशात बघून दाढी करत होता. आरशाच्या बाजूला, त्याच खांबावर, आमच्या पुस्तकाचं शेवटचं पान खळीने चिकटवलेलं होतं. पिवळं पडलेलं, एका कोपऱ्यावर साबणाचे डाग.

"दादा, हे इथे?"

"रोज दोघाइले पाह्यतो," तो वस्तरा पुसत म्हणाला. "हा आरशातला माहा. अन् हा पानावरचा तुमचा साऱ्याइचा."

"मग कोणता बरा?"

त्याने आरशात पाहिलं, मग पानाकडे. तोंडावर हात न धरता, तीनही दात दाखवत, तो खरोखरचा हसला.

"तुमचावाला. त्याची दाढी करा लागत नाई."